संस्थापकांच्या कोटाचं बटण

दि. ७ ऑक्टोबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही दोघं सुखरूप पोचल्याचा निरोप मिळाला. विद्यापीठ पाहून काका खूश झाले म्हणे! जुन्या व्याख्यानगृहात पहिल्याच बाकावर ते घोरत पडले होते आणि त्यांना शोधता शोधता माझा जीव मेटाकुटीला आला, ते मी विसरायला तयार आहे. पण आत्या, तेवढ्या वेळात संग्रहालयात तू काय उद्योग केलास?

संस्थापकांचा कोट झटकायला मी कपाट उघडलं होतं आणि तुला नुसतं लक्ष ठेवायला सांगितलं होतं. आज सुट्टीनंतर पाहुणे आले. मी नेहमीची गोष्ट रंगवून सांगितली, की एका कुडकुडणाऱ्या विद्यार्थ्याला संस्थापकांनी स्वतःच्या कोटाचं मधलं बटण तोडून दिलं आणि ती रिकामी जागा बघायलाच लोक लांबून येतात. मग ऐटीत बोट दाखवलं. तिथे बटण! पाहुणे एकदा कोटाकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहिले.

शुक्रवारी समिती येणार आहे. माझी नोकरी कायम होते की मला नारळ मिळतो, ते त्याच दिवशी ठरेल. कपाटाची किल्ली आता परत आमच्या संग्रहालयप्रमुख सरांच्या खिशात, आणि सरांनी अजून कोटाकडे पाहिलेलं नाही. ताबडतोब लिही.

रागावले आहे, तरी लोभ तसाच आहे. तुझाही असू दे.

तुझी भाची,
खारू

दि. ९ ऑक्टोबर

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

बटण मीच लावलं. माझा उभा जन्म शिवणकामात गेला. एवढा मोठा माणूस, आणि त्याचा कोट असा सगळ्यांसमोर उघडा! मला मेलीला बघवेना. पर्समध्ये सुटी बटणं असतातच, त्यात अगदी तसंच निघालं. कोटाशेजारची माहितीची पाटी वाचायला चष्मा लागतो आणि तो यांच्या खिशात होता. टाके घालायला मला चष्मा लागत नाही.

हे म्हणतात, गप्प बसा, कुणाच्या लक्षात येणार नाही. यांचं ऐकू नकोस. समिती यायच्या आत सरांकडे जा आणि खुशाल माझं नाव सांग. तुझ्या आईच्या माघारी तुला वाढवलं मी. माझ्या हाताने तुझी नोकरी गेली तर मला घास गिळवणार नाही.

माया आहेच, रागाच्या भरात ती आटू देऊ नकोस.

तुझी,
आत्या

दि. ११ ऑक्टोबर

ती. आत्यास,
शि. सा. न.

तुझं पत्र सकाळी मिळालं आणि मी तडक सरांकडे गेले. ऐकून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. कात्री घेऊन ते स्वतःच कपाटात शिरले. पण टाका तुझा! बटण हलेना, आणि जुनं कापड फाटेल या भीतीने सर कात्री चालवेनात. नेमकी तेव्हाच समिती आत आली. सर कमरेपर्यंत कपाटात, एका हातात कात्री, दुसऱ्या मुठीत कोट. चोर पकडल्यासारखे सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

मी गप्प बसले असते तर माझ्यावर काहीच आलं नसतं. पण मला राहवेना. कपाट मी उघडं सोडलं आणि बटण माझ्या आत्याने लावलं, कारण तिला संस्थापकांची लाज वाटली, असं सांगून टाकलं. अध्यक्षबाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची आणून द्यावी लागली. मग गंभीर होऊन म्हणाल्या, की खरं बोलणारं माणूस इथे हवंच, फक्त तिच्या आत्याला कपाटाजवळ एकटं सोडू नका.

आत्या, मी कायम झाले! आता ते बटण तू स्वतः येऊन उसवावंस, अशी सरांनी हात जोडून विनंती केली आहे.

काकांना नमस्कार. आहे तोच लोभ पुरे, वाढला तर पुन्हा काहीतरी शिवून ठेवशील.

तुझी,
खारू

दि. १४ ऑक्टोबर

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हे गल्लीभर सांगत सुटले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. रविवारी येते. आजवर स्वतःचा टाका मी कुणासाठी उसवलेला नाही. यांच्या भावाच्या लग्नात कोटाची एक बाही आखूड झाली, तरी नाही. तुझ्यासाठी उसवते.

पण फक्त बटण हं. आतलं अस्तरही फाटलं होतं, ते मी तेव्हाच शिवून टाकलं. त्याबद्दल कुणी काही विचारल्याचं तुझ्या पत्रात दिसत नाही. तेव्हा लोभ असू दे आणि तोंड बंद असू दे.

तुझीच,
आत्या