रिकाम्या कुशीची चोरचोळी

६ जानेवारी २००४, उचगाव

पोचले एकदाची. बिद्रीहून एसटी, पुढं वडापची जीप, मांडीवर काकवीचा डबा. पूर्णिमानं दारातच मिठी मारली. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, आता नाही. म्हणून या औषधपाण्यात सोबतीला ही चिमणामावशी. पोरीचं घर बघून जीव गार झाला. दोन म्हशी, मोकळं अंगण, जावई कृष्णात अबोल पण मायाळू. सासू तानाबाई तोंडानं फटकळ, हातानं सढळ. मला म्हणाल्या, इहीणबाई, आता नातू मांडीवर घेऊनच जायाचं, तवर पिशवी उचलायची न्हाय.

संध्याकाळी कृष्णातनं पूर्णिमाच्या पोटात सुई टोचली. बीजं पिकवायचं औषध म्हणे. शाळेची पायरी मी चढले नाही, रद्दीच्या कागदांवर वाचायला शिकले, तरी बाटलीवरचं नाव अक्षर लावून लावून वाचलं आणि हात जोडले. पोरगी खळखळून हसली.

१२ जानेवारी

शाहूपुरीत डॉक्टरीणबाईंकडं सगळे गेलो. मशीनच्या पडद्यावर पूर्णिमाची अंडाशयं दाखवली. दोन्हीकडं काळी काळी द्राक्षं, मोजता येईनात. तानाबाईंनी तिथंच कानशिलावर बोटं मोडली, घडच लागलाय की म्हणाल्या. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. थोडी हवी असतात, म्हणाल्या. औषधाला शरीर जास्तच उसळलंय.

१६ जानेवारी

आज बीजं काढली. डॉक्टरीणबाईंनी पूर्णिमाला, कृष्णातला आणि मला समोर बसवून सांगितलं. अंडाशयं फुगलीत, त्यातून पाणी पोटात पाझरेल. अशात गर्भ आत ठेवला आणि दिवस राहिले, तर जिवावर बेतेल. म्हणून यावेळी आत काहीच ठेवलेलं नाही, पुढंही ठेवणार नाही. जे गर्भ तयार होतील ते बर्फात राहतील, दोन महिन्यांनी बघू. तोवर रोज सकाळी वजन करा, टेपनं पोट मोजा, लघवीवर लक्ष ठेवा. शहाळं, मीठ-साखरेचं पाणी, डाळ, अंडी द्या. थोडं थोडं चालवा. वजन भराभर वाढलं, लघवी आटली किंवा धाप लागली, तर विचारत बसू नका, घेऊन या.

घरी तानाबाई भाकरतुकडा घेऊन उंबऱ्यात उभ्या. झालं का, विचारलं. कृष्णात चपला काढता काढता म्हणाला, झालं, ठेवलं आत.

मी तोंड उघडणार, तोच पूर्णिमानं माझा हात दाबला. नंतर एकटीला गाठून म्हणाली, गेल्या खेपेला जमलं नाही तेव्हा सासूबाई जेवल्या नव्हत्या, ह्यांच्यासाठी दुसऱ्या मुलीची चौकशी सुरू झालती. मावशी, दोन दिवस तरी मला पोटुशी म्हणून राहू दे.

राहू दिलं. माझंच काळीज मऊ.

१८ जानेवारी

पोट वर आलंय. पोटुशीला तोलू नये म्हणून तानाबाईंनी वजनकाटा गोठ्यात नेऊन ठेवला. टेपही काढून घेतली. चालायचं बंद, पडून राहायचं. सकाळी तुपातला शिरा, दुपारी डिंकाचा लाडू, परत शिरा. पूर्णिमा ओकते, ओकारीवर तुपाचा पिवळा थर साकळतो. मी पुसते तोवर नवी वाटी तोंडाशी येते. तानाबाई म्हणतात, ओकती म्हंजे पोरगाच हाय.

१९ जानेवारी

गल्लीतल्या बायका बघायला आल्या. तानाबाईंनी पूर्णिमाचं पातळ सरकवून पोट दाखवलं. कातडी ताणून तुकतुकीत झालीय, निळ्या शिरा दिसतात. मूल नसलेल्या दोघी पुढं सरकल्या आणि आपल्यालाही गुण यावा म्हणून पोटावर बोटं दाबली. हळदीकुंकवाची बोटं. बोटं उचलली तरी खड्डे तसेच. कणकेत राहावेत तसे. बायका कौतुकानं हसल्या. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं.

२० जानेवारी

सकाळपासून एकदाच लघवी. जेमतेम वाटीभर, कोऱ्या चहासारखी. पुरे झालं. स्वयंपाकघरात तानाबाईंना सगळं सांगितलं. आत मूल नाही, पाणी आहे. दवाखाना गाठला पाहिजे.

त्यांनी कृष्णातला बोलावलं. त्यानंही मान खाली घालून कबूल केलं. तानाबाई दोघांकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, पोट दिसतंय की मला. डोळं फुटल्यात व्हय माझं? मावशीनं शिकवलंय तुला, तिला भाची माघारी न्यायची हाय. आणि अशा दिवसांत गाडीत घालायचं नाही, रस्त्याचे गचके बसतील, गरभ पडंल.

कृष्णात गाडीची किल्ली हातात घेऊन उभा होता. ती परत खिळ्याला अडकवली. त्या हाताची मला किळस आली. माझ्या जिभेचीही, चार दिवस गप्प बसली म्हणून.

२१ जानेवारी

आज चोरचोळी. तिसरा महिना लागल्यावर गुपचूप घालतात ती हिरवी चोळी, तानाबाईंनी आजच काढली, पोट मोठं आहे म्हणून. चोळी चढेना. छाती-पोट एक झालंय. तानाबाई आणि गल्लीतल्या दोघींनी ओढून हूक लावले. पूर्णिमाचा श्वास वरच्या वर. ओटीत नारळ ठेवला तो घरंगळला. मी सगळ्यांपुढं मोठ्यानं म्हणाले, कूस रिकामी आहे. एकीनं माझ्या तोंडावर हात ठेवला, अभद्र बोलू नका म्हणे. हाताला तूप होतं. अजून ओठांवर चव—

डॉक्टरीणबाईंना नाक्यावरून फोन केला. ताबडतोब आणा म्हणाल्या. पाणी काढता येईल, सलाईन लावता येईल. उशीर नको.

२२ जानेवारी

आडवं होता येत नाही तिला. भिंतीला टेकवून बसवलीय. धाप. पाय सुजलेत.

मी म्हणाले, चल बाळ, आता तरी चल. तिनं माझा हात ओढून पोटावर ठेवला. मावशी, हलतंय.

खरंच हललं. कातडीखाली डुचमळलं— घागरीत डुचमळतं तसं. हात काढून घेतला तरी तळव्याला ते थंड—

ती हसत होती. तिला ठाऊक आहे आत काही नाही. तिच्यासमोरच सांगितलं होतं. तिला— ठाऊक होतं.

२३ जानेवारी

कृष्णातनं गाडी दारात आणलीय. शेवटी आईला बाजूला सारलं त्यानं. पण पूर्णिमाच येत नाही. खिडकीचा गज धरलाय. गचके बसतील म्हणते. बाळाला. सोडवायला गेलं की धाप वाढते, डोळे फिरतात. तानाबाई शिऱ्याची वाटी घेऊन—

जबरदस्ती नको. मी म्हणाले, नाव काय ठेवायचं सांग. ह्या वहीत लिहिते. बघ, लिहितेय.

बघते आहे ती. लिहीत राहायला हवं. नजर इकडं आहे तोवर कृष्णात मागून बोटं सोडवतोय— एक हात सुटला. ओठ निळे. नाव सांगते. आदर्श म्हणते. नीट लिही मावशी, मला दिसू दे म्हणते.

लिहिते गं. बघ. श्वास घे. दुसरा हात सोड. बघ—

आद