गोलपोस्टमागून दिलेली हाक

चि. नातवास अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. हंगामभर तुमच्या कॉलेजच्या प्रत्येक सामन्याला मी तुझ्या गोलपोस्टमागे बसलो. शेवटच्या सामन्यात जीव घाबरला आणि मी ओरडलो, "पुढे ये!" माझा आवाज ऐकून तू धावलास, चेंडू डोक्यावरून जाळ्यात गेला. आपण हरलो.

शेजारचा म्हणाला, "काका, गोलकीपर झोपला होता का हो?"

मी म्हटलं, "आजकालची पोरं! दुसरं काय?"

तू वळून पाहिलंस. कोचने फैलावर घेतलं, संघातून काढलं, तरी माझं नाव घेतलं नाहीस. कोचला खरं सांगायला चारदा कॉलेजच्या फाटकापर्यंत गेलो आणि परतलो. हे पत्रही रोज लिहून खिशातच राहतंय.

जेवतोस ना वेळेवर? लवकर दोन ओळी पाठव, शिव्या घातल्यास तरी चालेल.

तुझा आजोबा