पितांगाला परत नेण्याबाबत

बार्रा दो सिरी,
रविवार, भर ओहोटी

आदरणीय दाजी,

धाकट्या मेव्हण्याचा नमस्कार घ्यावा आणि इतक्या लांबून का होईना, आशीर्वाद द्यावा. ताईचा गुडघा आता कसा आहे? तिला म्हणावं, तेल गुडघ्याला चोळायचं असतं, कपाटात ठेवून त्याची पूजा करायची नसते. तुमच्या रक्तदाबाचं मुद्दाम विचारत नाही, कारण हे पत्र वाचून तो कुठे जाईल ते मला ठाऊक आहे. इथे सगळे बरे आहेत. वाल्देनिसे बरी आहे, बकऱ्या बऱ्या आहेत, छपराची गळती जागच्या जागी आहे. बरा नाही तो मीच, आणि त्याचं कारण तुमच्या केंद्राने चौदा महिन्यांपूर्वी या नदीत सोडलेलं आहे.

पितांगा तुमच्या दप्तरी एक मॅनाटी असेल, मादी, वजन तीनशे किलो, प्रकृती उत्तम. आम्हां नदीकाठच्यांच्या भाषेत समुद्रगाय. पण नाळसुद्धा न सुकलेलं ते पिल्लू किनाऱ्यावर वाळूत सापडलं, तेव्हापासून चार वर्षं खाडीतल्या कुंपणात तिला बाटलीने दूध कोणी पाजलं? मी. (वाल्देनिसे म्हणते, पोटच्या पोरीला मी एकदाही बाटली धरली नाही. हे साफ खोटं आहे. दोनदा धरली होती.) तिला सोडली त्या दिवशी तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, जेनिवाल्दो, ती तुला विसरली की समजायचं आपलं काम फत्ते. मी मान डोलावली. सगळ्यांसमोर दुसरं काय करणार?

तेव्हापासून मी होडी घेऊन तिच्या मागे असतो. तिच्या शेपटीच्या बुंध्याला पट्टा, पट्ट्याला दोर, दोराला तरंगता डबा आणि डब्यातल्या यंत्राची टिकटिक ऐकायला माझ्या हातात माशाच्या काट्यासारखी अँटेना. दर अर्ध्या तासाला लिहायचं : चरत होती, झोपली होती, पोहत होती. हात लावायचा नाही, खायला घालायचं नाही, गोडं पाणी पाजायचं नाही, बोलायचं तर मुळीच नाही. आपल्या हाताने वाढवलेल्या जिवाच्या मागे चाळीस हातांवरून परक्यासारखं फिरायचं, हे मी विनातक्रार केलं. ती मला विसरली असती तर मी खरंच आनंदाने रडलो असतो. पण दाजी, विसरणं वेगळं आणि दुसऱ्याच्या दारात जाणं वेगळं. आणि दुसरा तरी कोण? आदेइल्दो!

आदेइल्दो तुम्हाला आठवेल. धक्क्यावर खानावळ चालवतो तो. मिशा आहेत, गातो बरा आणि आपल्याला दोन्ही गोष्टी माहीत आहेत असा चेहरा करून वावरतो. एकोणीस वर्षांपूर्वी संत जुआंवच्या जत्रेत नाचाआधीच्या लुटुपुटूच्या लग्नात तो नवरदेव झाला होता आणि वाल्देनिसे नवरी. (त्याच जत्रेत दोन माणसं मिळून बैलाचं सोंग घेतात, मी त्या बैलाचा मागचा अर्धा भाग होतो.) त्या लग्नाचा फोटो त्याने अजून खानावळीत लावलेला आहे, कालवणाच्या पातेल्याच्या बरोबर वर. वाल्देनिसे म्हणते, अहो, बावीस माणसं आहेत त्या फोटोत. असतील. मला दोनच दिसतात.

तर मार्चमधली गोष्ट. ऊन फार होतं म्हणून नोंदी लिहायला मी त्याच्या धक्क्याच्या फळीवर, सावलीला टेकलो. आदेइल्दो रबरी नळीने होडी धूत होता. आणि पाहतो तर काय, आमची पितांगा, जी वर्षभर माणसाची सावली पडली तरी बुडी मारायची, ती थेट फळीला येऊन भिडली. नाकपुड्या वर, मिशा ताठ. त्या नळीचं पाणी तिने असं गटागटा प्यायलं की मला बघवेना. मग उताणी झाली! उताणी ती फक्त माझ्यासमोर व्हायची, दाजी. आदेइल्दो म्हणाला, "या राणीसाहेब." मी म्हटलं, ती राणीसाहेब नाही, सरकारी जनावर आहे, नळी बंद कर. तर म्हणतो, "मी माझी होडी धुतोय बाबा. होडी धुवायलाही सरकारी बंदी आहे का?" मी नोंदवहीच्या रकान्यात लिहिलं : माणसांशी संपर्क, एक.

पुढच्या आठवड्यात चार. मला कळून चुकलं की हा लपूनछपून तिला काहीतरी खायला घालत असणार. रंगेहाथ पकडायचं म्हणून मी एके सकाळी खारफुटीत दबा धरून बसलो. डोक्यावर फांद्या, अंगाला चिखल, हातात अँटेना. ओहोटी लागली हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मी मांडीपर्यंत रुतलो होतो आणि एक खेकडा अशा ठिकाणी पोहोचला होता की त्याचा उल्लेख ताईसमोर नको. मी ओरडलो नाही. खानावळीतली माणसं म्हणतात ओरडलो. शेवटी आदेइल्दोनेच दोर टाकून मला बैलासारखा ओढून काढला (या वेळी पूर्ण बैल), धुतला, त्याच नळीने, आणि वर चिंबोऱ्यांचं कालवण पाजलं. ते चविष्ट होतं, हा त्याचा दुसरा अपराध.

मग मी केंद्रातून नियमांचा कागद आणून त्याच्या नाकासमोर धरला. त्याने मुकाट्याने नळी गुंडाळून घरात नेली. मला वाटलं, मिटलं. तरी खात्री असावी म्हणून मी रोज त्याच्या धक्क्यावर पहाऱ्याला बसू लागलो. तर नळी नाही, पाणी नाही, पाल्याचं पानसुद्धा नाही आणि बाई तरी हजर! याचा अर्थ काय होतो, दाजी? नळीचा मोह मी समजू शकतो. खाऱ्या पाण्यात राहणाऱ्याला गोड्या पाण्याची ओढ असतेच. पण काही न देताही ती त्याच्या दारात येते, म्हणजे ती त्याच्यासाठीच येते. त्या मिशांसाठी. (मिशा तिलाही आहेत, मला नाहीत. मी वाढवून पाहिल्या. वाल्देनिसे दोन दिवस माझ्याशी बोलताना भिंतीकडे बघत होती.)

तेव्हा आता माझी लेखी विनंती ऐका. संपर्क एकोणीस झाले. तुमचाच नियम आहे की वीस झाले की जाळं घेऊन तुकडी यायची आणि जनावर परत कुंपणात. विसाव्याची वाट बघू नका. पितांगा बिघडली आहे, तिला घेऊन जा. कुंपण माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, कोबी मी चिरीन, कुंपणाची डागडुजी मी करीन, रविवारची सुट्टी नको. तिथे आदेइल्दो नाही. तिच्या भल्यासाठीच म्हणतो, माझं यात काहीएक नाही. ताईला नमस्कार, पोरांना गोड पापा.

आपला आज्ञाधारक,
जेनिवाल्दो

ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी वाल्देनिसेने वाचलं. मग म्हणाली, "चार वर्षांनी ती बाहेर पडली, आणि तुम्हाला कोबी चिरायचाय?" मी म्हटलं, हा शास्त्राचा प्रश्न आहे. त्यावर ती बकऱ्या बांधायला गेली. पत्र तरीही पाठवतो आहे.

ता. क. २. पाठवलं नाही. आज सोमवार. माझ्या सुट्टीच्या दिवशी पहाऱ्यावर असते ती जुसिलेने महिन्याच्या नोंदी जुळवायला आली. शांत पोरगी आहे, दोन्ही वह्या शेजारी ठेवून पेन्सिलीने खुणा करत बसली. मग म्हणाली, "काका, एकोणीसच्या एकोणीस तुमच्या पाळीतले आहेत." मध्यंतरी मी तापाने अकरा दिवस अंथरुणावर होतो, त्या अकरा दिवसांत पितांगा आदेइल्दोच्या धक्क्याकडे फिरकलीसुद्धा नाही. पार नदीच्या तोंडाशी पाणगवतात चरत होती, पाठीवर मोटरबोटीच्या पंख्याच्या पात्यांचे वण असलेल्या एका रानटी नराबरोबर. (त्याच्याबद्दल मी वेगळं लिहीन.) मी म्हटलं, योगायोग. जुसिलेने म्हणाली, "काका, तुम्ही आत्ता काय करताय?" मी काहीच करत नव्हतो. फक्त बोटांच्या पेरांनी टेबलावर ठोकत होतो, टक टक टक, बसलो की माझा हात आपोआप करतो तसं. बाटली द्यायच्या आधी कुंपणाच्या फळीवर मी असंच ठोकायचो, म्हणजे ती यायची. चार वर्षं, दिवसातून सहा वेळा. होडीत हात अँटेनात आणि वल्ह्यात गुंतलेले असतात. आदेइल्दोच्या फळीवर मोकळे असतात.

मी लगेच धक्क्यावर गेलो. भरती होती. हात मांड्यांखाली दाबून दोन तास बसलो. डबा तरंगत समोरून गेला, चाळीस हातांवरून, नर पुढे आणि ती मागे. थांबली नाही. मग एकदाच, शास्त्रासाठी, मी ठोकलं. ती वळली, दाजी. त्याला सोडून वळली आणि फळीशी येऊन उताणी झाली. मला इतका आनंद झाला की मी तोंडावर टोपी घेऊन रडलो. मग वहीत लिहिलं : माणसांशी संपर्क, वीस. कारण, निरीक्षक.

ता. क. ३. वरची विनंती रद्द समजावी. तुकडी पाठवू नका, जाळं पाठवू नका. बिघडलेला मी आहे, तेव्हा न्यायचं तर मला न्या. पाराइबाच्या खाडीवर तुमचा माणूस हवा आहे असं ताई म्हणाली होती. तिथलं एकही जनावर मला ओळखत नाही. वाल्देनिसे तयार आहे, बकऱ्यांचं बघू. इथे जुसिलेनेला नेमा, तिच्या हाताला चाळा नाही. फक्त लवकर करा, कारण हात खिशात शिवून घेतले तरी ते आवरणं रोज कालच्याहून जड जाणार आहे. आणि यातलं अक्षरही आदेइल्दोला कळू देऊ नका. ती आपल्यासाठीच यायची असं त्याला वाटतं, ते तसंच राहू दे. नाहीतर तो ठोकायला लागेल.