मामंजी, देवांचे फोटो मी काढून टाकले

प्रिय मामंजी,

आज तुमचा फोटो मी माझ्या हातानं काढून टाकला, म्हणून लिहायला बसल्ये. भिंतीवरचा नव्हे हो! आपल्या वेबसाइटवरचा, व्हॅनच्या बॉनेटवर हात ठेवून उभे आहांत तो. त्याच्याबरोबर नवग्रहांच्या नऊ कोयिलांचे, देवळांचे फोटोही गेले. तुमचे चिरंजीव सकाळपासून माझ्याशी बोलत नाहीत. तुम्हीही रागावलांत का?

संगणकाच्या वर्गात मला तुम्हीच घातलंत. सून पुस्तकं छातीशी धरून क्लासला जाते म्हणून इथं कुंभकोणमात आपल्या गल्लीत लोक हसले, तेव्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं तमिळमध्ये म्हणालांत, "यात्रेकरूंची व्हॅन मी चालवतो. ते यंत्र ती चालवेल." पुढं चेन्नईच्या एका माणसानं वेबसाइट करून दिली, पण फोटो निवडले तुम्ही. मोठे, रंगीत, एकाखाली एक. आपला पत्ता नि फोन नंबर सगळ्यांच्या तळाशी. "आधी देव, मग आपण," म्हणालांत.

पहिल्यांदा उघडली तो दिवस आठवतो? मोडेम किंचाळला नि तुम्ही दचकलांत! मग सूर्याच्या कोयिलाचं गोपुर कळसापासून इंचाइंचानं खाली उतरायला लागलं. तुम्ही हात जोडून बसलांत. मी म्हटलं, "मामंजी, फार वेळ लागतोय." तर तुम्ही म्हणालांत, "कोयिलात रांग नसते की काय?"

मी हसल्ये. इतका वेळ कोणी परका थांबणार नाही, हे मला तेव्हाच कळत होतं. पण तुमचं दुखणं वाढलेलं, आणि तोंडावर तो आनंद! कसं बोलायचं? तुम्ही गेल्यावर तर त्या फोटोंना हात लावायचं मनात आणणंही पाप वाटायला लागलं.

गेल्या रविवारी सोलापूरचं एक कुटुंब पावणेसहाला आपल्या दारात आलं. एक शाळामास्तर, त्यांची बायको आणि त्यांची म्हातारी आई. आजींनी तिरुनागेश्वरमला राहूला दुधाचा अभिषेक बोलला होता, तोही रविवारच्या राहुकाळात, साडेचार ते सहाच्या आत. दुपारीच गावात उतरले होते, मामंजी! निघण्याआधी चेन्नईत ब्राउझिंग सेंटरमध्ये बसून त्यांनी आपली वेबसाइट उघडली होती.

"अर्धं गोपुर आलं आणि अडकलं," मास्तर म्हणाले. "पुन्हा केलं, पुन्हा अर्धंच. नंबर कुठे आहे तेच दिसेना. म्हटलं, कुंभकोणमात मराठी माणसांची व्हॅन, कोणीही सांगेल."

कोणी सांगितलं नाही. भाषा येईना, हातात पत्ता नाही. रिक्षावाल्यानं एका लॉजवर सोडलं, तिथल्यांनी दुसऱ्या लॉजवर. शेवटी एका एसटीडी बूथवाल्यानं ओळखलं आणि आणून पोचवलं. ह्यांनी लगेच व्हॅन काढली, जितकी पळवता आली तितकी पळवली. अभिषेक आटोपून गेला होता. परतीची गाडी त्याच रात्रीची.

जेवताना आजींच्या पानात भात वाढायला वाकल्ये, तर त्या म्हणाल्या, "किती गोड जुनं बोलता गं तुम्ही! माझी आजी असं बोलायची. जाऊ दे, हेही दर्शनच." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं! त्यांचे पाय सुजले होते. मी गरम पाणी आणलं, तर त्यांनी संकोचून पाय साडीखाली ओढून घेतले. त्यांना संकोच, मामंजी! माझ्यासमोर!

ते गेल्यावर मी ह्यांना म्हटलं, "फोटो काढून टाकू या. वर फोन नंबर, खाली चार ओळी, बस्स. कुठल्याही सेंटरात चटकन उघडेल."

"अप्पांनी बसवलेले देव काढायचे? आणि अप्पांनाही?"

"लोकांना आपण सापडायला नको?"

"तुला हवं ते कर," म्हणून हे बाहेर गेले.

सासूबाई केळफूल सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "देव कोयिलात आहेत गं. त्यांना तुझी पेटी कशाला?" तुमच्या फोटोचं विचारलं, तशा उठल्या. अर्धं केळफूल तसंच टाकून आत गेल्या.

तरी मला आठवडा लागला. यंत्र प्रत्येक वेळी विचारतं, नक्की काढायचं का? देवांच्या वेळी हो म्हणत गेल्ये. तुमच्या वेळी उठून पाणी पिऊन आल्ये.

पान आता उघडंबोडकं दिसतं. पांढऱ्यावर काळी अक्षरं. तुम्हांला मुळीच आवडलं नसतं. पण एक सांगू? तुम्हीही थोडे चुकलांत. दिवसभर स्टेशनवर उभे राहून यात्रेकरूंना हाका मारणारे तुम्ही, मग इथंच का हो स्वतःला तळाशी लपवलंत?

दुपारी फोन वाजला. कोइंबतूरच्या एक बाई सेंटरमधूनच बोलत होत्या. वडिलांना चालवत नाही, व्हॅन कोयिलाच्या दारापर्यंत जाईल का, एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. ह्यांनी ऐकलं. बादली घेऊन व्हॅन धुवायला गेले.

लाज गेली नाही, मामंजी. एका म्हातारीला उन्हात फिरवलं आपण. वचन देत्ये, येत्या रविवारी तिरुनागेश्वरमला जाऊन राहुकाळात आजींच्या नावानं मीच अभिषेक करवीन. पण त्यांचं नाव काय? पायांवर पाणी घालायला बसल्ये, नाव विचारलं नाही! मास्तर जाताना स्वतःचा नंबर देऊन गेले आहेत. आता फोन करून, कोण बोलत्ये ते सांगून, आजींचं नाव विचारायचं आहे. रिसीव्हर उचलवत नाही. पण आज करीन.

तुमची सून,
पद्मजा