डेसच्या सायकलला मडगार्ड

लार्ग्स बे,
बुधवार, २ ऑगस्ट

प्रिय मर्व्ह,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू वाईट बातमीच धरून चालला असशील, म्हणून आधी तेवढं सांगून टाकते: डेस जिवंत आहे. आपल्या वयात नाताळाखेरीज कुणाचं पत्र आलं की माणूस आधी कोण गेलं तेच शोधतो. मला किळस आली आहे, मर्व्ह, आणि ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय उतरणार नाही. शाळेत सिस्टर अल्फॉन्सस म्हणायच्या की मुलींनी हा शब्द फक्त उंदीर आणि पाप यांच्यासाठी राखून ठेवावा. मी आता शहात्तर वर्षांची आहे आणि गेल्या दोन महिन्यांत दोन्हींपेक्षा वाईट पाहिलं आहे. शेवटापर्यंत वाच, मग फाडायचं तर फाड.

सुरुवात माझ्या मानेपासून झाली. एप्रिलमध्ये डॉक्टरने माझी मान इकडेतिकडे वळवून पाहिली आणि म्हणाला, "मिसेस किनेन, तुम्हाला मागे वळून पाहता येत नाही." मी म्हटलं, "बघण्यासारखं काही राहिलं नाही मागे." तो हसला, आणि हसत हसतच त्याने फॉर्मवर सही करून माझी गाडी बंद केली. डेसला ठेवलंय ते म्हाताऱ्यांचं होम घरापासून साडेपाच किलोमीटरवर आहे, हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, "बस आहे ना!" आहे की. सोमवार ते शुक्रवार आहे. शनिवार-रविवारी ती बस धावतच नाही, कारण म्हातारी माणसं शनिवार-रविवारी जेवत नाहीत असा सरकारचा समज असावा. टॅक्सी बोलावली तर ती कधी येते, कधी येत नाही. दोनदा मी पोहोचले तेव्हा जेवणाची ट्रॉली निघून गेली होती. ती बाराला येते आणि साडेबाराला परत जाते. त्या अर्ध्या तासात डेसला भरवायचं असतं. अनोळखी हाताने चमचा पुढे केला की तो ओठ घट्ट मिटतो. तिथल्या मुली चांगल्या आहेत, पण एका मुलीमागे आठ तोंडं. एकाने नाही म्हटलं की ती पुढच्या खुर्चीकडे वळते. तिने तरी काय करावं? मे महिन्यात मला फ्लू झाला आणि मी नऊ दिवस गेले नाही. त्या नऊ दिवसांत त्याचं वजन तीन किलोंनी उतरलं. अजून तीन किलो उतरले तर पुढे काय, ते तिथल्या डॉक्टरीण बाईंनी मला सांगितलं. तुला सांगत नाही. तुला कळतं.

म्हणून मी गॅरेजमधली सायकल काढली. ती निळी, त्याची शर्यतीची. वीस वर्षं चादरीखाली उभी होती. टायर हात लावताच बिस्किटासारखे तुटले, चेनचा एकच गंजका दगड झाला होता, आणि सीटचा दांडा फ्रेममध्ये असा घट्ट बसला होता की डेसच्या पायांच्या मापावरून तो इंचभर हलेना. माझे पाय पेडलला पोहोचत नव्हते. पण सांगाडा शाबूत होता. मी विचार केला, हिला सरळ हँडल लावू, म्हणजे मान वाकवावी लागणार नाही. आरसा लावू, म्हणजे वळवावी लागणार नाही. सीट खाली घेऊ. जाड टायर, पुढे टोपली, घंटी, आणि हिवाळ्यात इथले रस्ते कसे असतात ते पाहता, मडगार्ड. लहानपणी मी शाळेत सायकलनेच जात होते, तीही गणवेशातली कडक गवती बोटर टोपी घालून. अशक्य असं त्यात काय होतं?

अशक्य निघाली ती पुरुषमंडळी. चर्चच्या हॉलमागची ती शेड तुला माहीत आहे. बायकांच्या पायांत येऊ नये म्हणून निवृत्त नवरे मंगळवारी आणि शुक्रवारी तिथे जमतात, पक्ष्यांची घरटी ठोकतात आणि लॅमिंग्टन केक खातात. तिथला कारभारी आहे ट्रेव्हर हॉकिंग. हो, तोच, जो प्रत्येक शर्यतीत शेवटून तिसरा यायचा आणि आता जुन्या सायकलपटूंच्या क्लबचा अध्यक्ष झालाय. मी सायकल ढकलत आत नेली आणि सगळ्यांनी टोप्या काढल्या, मर्व्ह. शपथेवर सांगते, काढल्या. एकाने फ्रेमवरून असा हात फिरवला की मला वाटलं आता मुका घेतोय. मी माझी यादी ट्रेव्हरच्या हातात दिली. त्याने वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाला, "तू अजिबात काळजी करू नकोस, मोइरा. सगळं आमच्यावर सोड. पंधरा दिवस." कुणी पुरुष मला काळजी करू नकोस म्हणाला की मी तेव्हापासून काळजी करायला लागते, पण यावेळी माझा इलाज नव्हता.

पंधरा दिवसांचे पाच आठवडे झाले. मी फोन केला की "अगं, होतंय, होतंय, इंग्लंडहून अक्षरं यायचीत." कसली अक्षरं, ते मला कळेना. तेवढ्या दिवसांत मी टॅक्सीवाल्यांच्या विनवण्या करत होते, आणि एका रविवारी चालत गेले. साडेपाच किलोमीटर, पावसात, बाराला पाच मिनिटं असताना पोहोचले. सहाव्या शुक्रवारी शेडमध्ये गेले तर टेबलावर पांढरं कापड, त्यावर सायकल, आणि सभोवती नऊ म्हातारे. नवा निळा रंग, आरशासारखा. फ्रेमवर सोनेरी अक्षरं. तेच मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वाकलेलं हँडल, त्यावर पांढरी शुभ्र पट्टी गुंडाळलेली. टायर माझ्या करंगळीएवढे. सीटचा दांडा त्यांनी चार दिवस तेल पाजून मोकळा केला होता, हे मी मान्य करते. आणि मोकळा करून पुन्हा डेसच्याच मापावर नेऊन घट्ट केला होता.

मी विचारलं, "मडगार्ड कुठाय?" ट्रेव्हर असा दचकला, जसं काही मी शिवी दिली. "मडगार्ड? हिला? अगं मोइरा, म्हणजे चर्चच्या वेदीवर कपड्यांना इस्त्री करण्यासारखं आहे ते!" मी म्हटलं, "वेदी निदान रोज वापरतात, ट्रेव्हर. टोपली कुठाय?" तेव्हा मागून कुणीतरी कुजबुजलं, "सांगून टाक तिला." आणि सांगितलं. सायकल क्लबच्या भिंतीवर लावायची आहे. पितळी पाटी करून झाली आहे. पुढल्या महिन्यात संध्याकाळचा कार्यक्रम आहे, सॉसेज आहेत, बिअर आहे, मी फीत कापायची आहे. "डेसच्या आठवणीसाठी," ट्रेव्हर म्हणाला, आणि त्याचे डोळे भरले होते, ते खोटे नव्हते. त्याच गोष्टीची मला सगळ्यात जास्त शिसारी आली. मी म्हटलं, "आठवण मेलेल्या माणसाची करतात. डेस साडेपाच किलोमीटरवर बसलाय, गळ्यात लाळेरं बांधून. त्याची खोली कितवी, ते सांगा. कुणीही सांगा." नऊ पुरुष, मर्व्ह. सगळे जमिनीकडे बघायला लागले, जशी उत्तरं तिथे लाकडाच्या भुशात पडली आहेत. शेवटी ट्रेव्हर म्हणाला, "आम्हाला त्याला तसा बघवत नाही गं." मी म्हटलं, "मग डोळे मिटून जा. भोपळ्याचा लगदा भरवायला डोळे लागत नाहीत." आणि मी सायकल टेबलावरून खाली ओढली. एकाने मदतीला हात पुढे केला, तो मी झटकला. पितळी पाटीचं त्यांनी काय केलं ते मला माहीत नाही.

पुढचं काम मी स्वयंपाकघरात केलं, वर्तमानपत्रं पसरून. शेजारच्या रस्त्यावर लोकांनी जुनं सामान फुटपाथवर काढून ठेवलं होतं, त्यात एक बायकांची सायकल होती, सडलेली, पण हँडल धड. ते मी सोडवून आणलं. पांढरी पट्टी कात्रीने फाडली, मेंढ्याची शिंगं काढली, ब्रेकच्या वायर लहान पडल्या म्हणून नव्या घातल्या, दोनदा उलट्या घातल्या आणि तिसऱ्यांदा सुलट. जाड टायर फ्रेममध्ये मावेनात, तेव्हा मावतील तेवढे जाड घेतले. लोखंडी मडगार्डला तर जागाच नव्हती, म्हणून चापाने अडकवायचे काळे प्लास्टिकचे आणले. इतकी कुरूप वस्तू मी आयुष्यात पाहिली नाही. गटारातून ओढलेल्या राजपुत्राला कुणी स्वयंपाक्याचा ॲप्रन बांधावा तशी. आरशाची पकड कानशीने घासून घासून शेवटी बसवली. सीट खाली, टोपली पुढे. पहिल्या दिवशी कोपऱ्यावर एका ट्रकवाल्याने ओरडून विचारलं, "आजी, शर्यत कुठल्या दिशेला?" मी त्याला जे उत्तर दिलं ते सिस्टर अल्फॉन्ससनी ऐकलं असतं तर माझं तोंड साबणाने धुतलं असतं. पण एकवीस मिनिटांत पोहोचले. पावणेबाराच्या आधी. गेले अठरा दिवस मी रोज जाते, त्यातले सात पावसातले, आणि माझी पाठ कोरडी असते. मे महिन्यापासून उतरलेल्यातला पाऊण किलो डेसने परत मिळवलाय.

तुला वाटत असेल, मी सायकल त्याला दाखवली आणि त्याचे डोळे चमकले. तसं काही झालं नाही. मी ती खोलीच्या दारापर्यंत नेली, परवानगीशिवाय. त्याने बराच वेळ पाहिलं आणि मग पुढे वाकून अंगठ्याने मागचा टायर दाबला. "हवा कमी आहे," म्हणाला. खरंच कमी होती. त्यानंतर त्याने मला विचारलं, मी कुणाची बहीण. तुझं नाव तो घेत नाही, मर्व्ह. कधीच घेत नाही. त्याने तुझी आठवण काढली असं लिहिलं असतं तर हे पत्र सोपं झालं असतं, पण खोटं बोलून मला तुला बोलवायचं नाही.

त्या ईस्टरच्या सोमवारबद्दल आपण कधी बोललो नाही. दोन वर्षं झाली. तू त्याच्यासाठी खिम्याची पेस्ट्री घेऊन आला होतास, कागदाच्या पिशवीत, अजून गरम. तो खुर्चीतच ओला झाला, आणि त्याच ओल्या हाताने त्याने तुझा हात धरला. तू म्हणालास, "गाडीचे दिवे चालू राहिले वाटतं, बघून येतो." मी खिडकीतून पाहिलं. तू गाडीत बसून स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं होतंस. बराच वेळ. मग गेलास. ती पेस्ट्री मी संध्याकाळी थंडच खाल्ली. त्या दिवसापासून मी तुला भित्रा म्हणत आले आहे, भांडी घासताना, मोठ्याने. ट्रेव्हरवर मी जे ओरडले त्यातलं निम्मं तुझ्यासाठी होतं.

पण एक गोष्ट मी कन्फेशनमध्येही सांगितलेली नाही. पहिल्या हिवाळ्यात, त्याला पहिल्यांदा तसं झालं तेव्हा, मी तिथल्या एका मुलीला हाक मारली आणि बाहेर बागेतल्या बाकावर जाऊन बसले. पाऊण तास. नाकाला रुमाल धरून. पन्नास वर्षं मी या माणसाच्या शेजारी झोपले होते, आणि मला त्याच्या वासाची किळस आली. आत गेले ती प्रेमाने नाही, थंडी वाजली म्हणून. दुसऱ्या दिवशी गेले, तेव्हाही आलीच. तिसऱ्या दिवशी थोडी कमी. ती जाते असं मी म्हणणार नाही. तिच्यासकट खुर्ची पुढे ओढून बसता येतं, एवढंच मला कळलंय. हे मला त्या ईस्टरला कळलेलं असतं तर मी तुझ्यामागे गाडीपर्यंत आले असते.

आता कशासाठी लिहिते आहे ते. सोमवारी, चौदा तारखेला, माझ्या मानेचं ऑपरेशन आहे. टाळलं तर हात लुळे पडतील म्हणतात, आणि मला हात लागतात. तीन आठवडे घराबाहेर पडायचं नाही, सहा आठवडे सायकल नाही. आमचा मुलगा ब्रेंडन डार्विनहून येईल, पण चार दिवस, आणि त्याच्या हातून डेस खात नाही. एकवीस दुपारी आहेत. मी मोजून पाहिलं, नऊ दिवसांना तीन किलो या हिशेबाने तो त्या निभावणार नाही. चौऱ्याहत्तर साली बरोसाच्या शर्यतीत तुझा गुडघा फुटला होता, तरी तू सत्तराव्या मैलावर रस्त्याच्या कडेला खाऊची पिशवी धरून उभा राहिलास. भाताची खीर आणि केळं. तो उतारावरून सुसाट आला आणि तुझ्याकडे न बघता ती तुझ्या हातातून घेऊन गेला. आता तो बसलेला असतो, मर्व्ह. जागचा हलत नाही. तुझा नेम चुकणार नाही. या रविवारी, सहा तारखेला, पावणेबाराला ये. सोमवारपर्यंत आठ दिवस मी शेजारी बसून शिकवेन, म्हणजे त्याला तुझा हात ओळखीचा होईल. खोली चौदा. त्याच्या डाव्या बाजूला बसायचं, चमचा अर्धाच भरायचा, घास गिळलेला दिसल्याशिवाय दुसरा पुढे करायचा नाही, आणि हवापाण्याच्या गप्पा मारायच्या नाहीत, त्याला चीड येते. मळमळलं तर खोलीबाहेर उजवीकडे दुसरं दार, तिथे बेसिन आहे. तोंड धू आणि परत ये.

तुझ्यावर चिडलेली, तरीही तुझीच,
मोइरा