घेताना विचारलं नाही

११ जाने. १९८८, पिस्कॅटवे, न्यू जर्सी
वि.ची नोकरी गेली, नोकरीकडून मिळणारा मेडिकल इन्शुरन्सही डिसेंबरबरोबर संपला. तो पुढे चालू ठेवता येतो, पण सगळा हप्ता आपण भरायचा. वि. म्हणाला, परवडणार नाही. म्हणून काल इनामदार काका आले. मराठी मंडळातले, इन्शुरन्स विकतात. पोहे खाल्ले, सहा महिन्यांची पॉलिसी दिली. "नवी नोकरी लागेपर्यंत. स्वस्त आणि मस्त."
मी विचारलं, "काका, गेल्या वर्षी मला ॲसिडिटीसाठी डॉक्टरकडे जावं लागलं होतं. ते लिहायचं?"
"ते विचारतच नाहीत गं."
खरंच नव्हतं विचारलं. हार्ट, कॅन्सर, दिवस गेलेत का. सगळ्याला ‘नाही’ लिहिलं. झालं.

६ फेब्रु.
वि. ड्राइव्हवेवर बर्फावरून घसरला. मनगट मोडलं. प्लास्टर. नवऱ्याला भात कालवून मी देते, चिडचिड तो करतो.

२ मार्च
हाताचं बिल इन्शुरन्स कंपनीनं भरलं. एक प्रश्न नाही. वि. खूश. "बघ, उगाच घाबरत होतीस." बरं बाबा.

१४ मार्च
काल जेवणानंतर पोटात अशी कळ आली की किचनच्या फरशीवरच बसले. वि.ला एका हातानं ड्राइव्ह करायला लागलं. मीनल मागच्या सीटवरून, "आई, आर यू गोइंग टू बी ओके?" आठ वर्षांची पोर.
पित्ताशयात खडे. इंजेक्शननं थांबलं. सर्जन म्हणतो, ऑपरेशन करून टाका, पुढचा ॲटॅक वाईट असू शकतो.

२४ मार्च
कंपनीचं पत्र. हॉस्पिटलच्या बिलाचा एक पैसा देणार नाहीत. गेल्या वर्षीचे डॉक्टरचे कागद मागवून वाचले म्हणे. पोटाची तक्रार होती, म्हणजे आजार जुना, म्हणजे पॉलिसीत बसत नाही. ऑपरेशनही नाही.
जळजळ होती! आंबट ढेकर! अख्ख्या न्यू जर्सीतल्या मराठी बायकांना असते.
घेताना विचारायचं नाही आणि द्यायची वेळ आली की खणून काढायचं. त्यांना वि.चा हात चालतो. माझं पोट चालत नाही.
वि. म्हणतो, "वाईट नाहीये गं पॉलिसी, फक्त—" मी उठून गेले.

२६ मार्च, शनि.
मंडळाचा पाडवा. श्रीखंडाच्या रांगेत इनामदार काका माने वहिनींना तीच पॉलिसी समजावत होते. मान्यांचीही नोकरी गेलीय, आणि त्यांना डायबेटिस. माझं डोकंच फिरलं.
"काका, मान्यांची शुगर कव्हर होईल?"
"अगं, हळू बोल."
"हळू का? होईल की नाही?"
काका म्हणाले, "आधीपासूनचं नाही होत. सगळ्याच कंपन्यांचं तसंय."
"मग हे माझ्या घरी पोहे खाताना का नाही सांगितलंत?"
रांग थांबली. वहिनींना म्हटलं, महाग पडली तरी नोकरीवालीच चालू ठेवा. रांगेत माझ्या मागे युनिव्हर्सिटीतला एक मुलगा होता, धडधाकट, जूनमध्ये नोकरीला लागणार. त्यानं विचारलं, "मी घेऊ का?" म्हटलं, "तू घे. तू घसरलास तर पैसे देतील."
लोक हसले. मी नाही.
घरी येताना वि. "सगळ्यांसमोर कशाला?" कशाला म्हणजे?

३० मार्च
काकांचा फोन. रागावले असतील वाटलं. आवाज पडलेला. "चुकलंच माझं. तू अपील कर, मी पण लिहितो." आणि मग, "जुलैत ही संपली की नवी घेता येईल, पण खड्यांना त्यातही काही मिळणार नाही. आता ते जुनेच." काका, हे आत्ता सांगताय.

८ एप्रिल
वि.ला नोकरी! जर्सी सिटीत. हात हातात घेऊन नाचलो, प्लास्टर निघालंय. मग त्यांचं इन्शुरन्सचं पुस्तक वाचलं. मी वाचलं, या वेळी शेवटपर्यंत. तीन महिन्यांनी सुरू, आणि जुन्या आजाराला पुढे एक वर्ष काही नाही.
जुना! महिन्यापूर्वी कळलेला!

१५ एप्रिल
गेल्या वर्षीच्या डॉक्टरला भेटले. ॲसिडिटी वेगळी, खडे वेगळे, असं लिहून द्या म्हटलं. म्हणाला, "वेगळे असू शकतात." नुसतं "असू शकतात"? मी उठलेच नाही खुर्चीतून. शेवटी लिहिलं, त्या वेळी खड्यांचं एकही लक्षण नव्हतं. अपीलला जोडलं.

२५ एप्रिल
कंपनीत रोज फोन. रोज वेगळी बाई, तोच सूर. "अंडर रिव्ह्यू."
शनिवारी पुन्हा कळ. आधीपेक्षा जोरात. डोळे पिवळे दिसतात असं वि. म्हणाला, आणि त्याचाच चेहरा उतरला. रविवारी रात्री जवळ येऊन बसला. मग, "अपीलचं कळेपर्यंत थांबायचं का, हे मी विचारणार होतो. नाही विचारत. करून टाकू, पैशांचं नंतर बघू. त्या वेळी नोकरीवालीच पॉलिसी चालू ठेवायला हवी होती, सुधा." मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं. राग गेलेला नाही, पण त्याच्यावरचा बराचसा गेला.

आज सकाळी सर्जनच्या ऑफिसला फोन केला. गुरुवार मिळाला. बाईनं विचारलं, इन्शुरन्स कोणता?
"आहे. भांडण चालू आहे."
तिनं काहीतरी लिहून घेतलं. मग म्हणाली, बुधवारी रात्रीनंतर काही खाऊ नका, पाणीसुद्धा नाही.