शेवटची हातभर फिल्म

मंगळवार, १० ऑगस्ट १९३७
लेकीची, कमलची, पहिली मंगळागौर पार पडली. बायका गेल्या, पत्री अजून घरभर. झिम्म्यात सगळ्यांत जास्त तीच हसत होती आणि तेच मला बरं वाटलं नाही. जळगावहून येऊन आठ दिवस झाले. सासरचं विचारलं की "बरं आहे." तापातल्या रोग्याची विचारपूस करते आहे का मी?

गुरुवार, १२
वैशाखात तिच्या लग्नात यांनी काढलेली फिल्म मुंबईहून धुऊन आली. यांचा पाय दवाखान्यात ठरेना. दोनदा घरात येऊन डबा उघडून पाहिला. "तुझा हात शिवणाचा, कापायचं जोडायचं तूच कर," म्हणाले. बरं.
म्हणे प्रत्येक प्रसंग उजाडल्यासारखा यायला हवा आणि मावळल्यासारखा जायला हवा. त्याला 'फेड' म्हणतात. मी म्हटलं, नवस फेडतात, पांग फेडतात, चित्र कसं फेडायचं? हसले नाहीत. कॅमेऱ्याच्या भिंगाचं तोंड पाच मोजेपर्यंत हळूहळू बारीक करत न्यायचं, की चित्र अंधारत जातं. विलायती मासिकात वाचलंय. लग्नात हे सबंध दिवस पुटपुटत का होते ते आज कळलं.

शनिवार, १४
दुपारी मागच्या खोलीच्या खिडक्यांना घोंगड्या लावून फिल्म पाहिली. सीमांतपूजन, अंतरपाट, पंगत. मी फारच जाड दिसते. शेवटी पाठवणी: दाराशी मोटार, शालूतली पाठमोरी कमल, आणि अंधार. तो मात्र पुरता होत नाही. वैशाखातलं भर दुपारचं ऊन, भिंगाचं तोंड कितीही बारीक केलं तरी धुरकट काहीतरी राहतंच. हे खट्टू. आता काळा रंग कालवून फिल्मचं शेपूट त्यात हळूहळू बुडवायचं, म्हणजे शेवट ठार काळा.
कमल पाठवणी यायच्या आतच उठून गेली. पाणी प्यायला, म्हणाली. पाणी खोलीतच होतं.

सोमवार, १६
गोदागंगेला पूर. सगळं नाशिक बघायला गेलं, मी गेले नाही. खिडकीशी फिल्म धरून, यांचं भिंग घेऊन, किती बुडवायची ते मापत होते. शेवटची हातभर. पाठ, पाठ, पाठ... मग कमल वळलेली. तोंड उघडं, काहीतरी बोलतेय. पुढच्या प्रत्येक चौकटीत चेहरा काळवंडत गेलेला, पण वळलेलीच.
मी तेव्हा घरात ओटीचं ताट शोधत होते. हे तर समोर उभे.
विचारलं, "मोटारीशी कमल वळली होती?"
"मी भिंगाच्या तोंडावरच्या आकड्यांकडे बघत होतो. अकरा, सोळा, बावीस."
"काही बोलली?"
"बोलली असेल. वळायला नको होतं, पाठमोरीच छान दिसत होती. जाऊ दे, काळं होईल ते."
यांच्यावर इतकी चिडले आहे की जेवण गेलं नाही. असा वाईट माणूस नाही हा. तेच तर.

बुधवार, १८
जळगावचं पत्र. शुक्रवारी सकाळच्या गाडीनं कमलचे थोरले दीर न्यायला येतात.
रंग तयार, उंच काचेच्या बरणीत. "चल, बुडव." माझा हात कापतोय, मी म्हटलं. खोटं बोलले.
कमल तांदूळ निवडत होती. शेजारी बसून सरळ विचारलं, "मोटारीशी वळून काय म्हणालीस?"
एक खडा काढून बाजूला टाकला. मग, "बाबा, मला नाही जायचं, असं म्हटलं."
"मग?"
"बाबा म्हणाले, थांब."
"आणि तू?"
"मी थांबले. वाटलं, आता येतील, हात धरतील. ते काहीतरी मोजत होते. मग म्हणाले, हं, आता नीघ."
"आणि तिकडे, कमल?"
"मारत नाहीत गं कुणी. पुस्तकं कुलपात घातलीत. मॅट्रिकला बसवू म्हणाले होते ना लग्नाच्या याद्यांच्या वेळी? विचारलं की सासूबाई हसतात. हे मान खाली घालून जेवतात."
हे सगळं तांदळाकडे बघत. मी तिची आई, आणि मला एका फिल्मच्या तुकड्यावरून कळावं.

गुरुवार, १९. दुपार
सकाळी यांना सांगितलं, शब्दन् शब्द. आधी म्हणाले, तिला ऐकताना चूक झाली असेल. मग भिंग पुसत बसले. मग, "मी थांब म्हटलं असेन. हलू नकोस अशा अर्थानं."
"तिनं दुसऱ्या अर्थानं घेतलं."
फिल्म यांनीच लावली. मी म्हटलं, यंत्राकडे नको, भिंतीकडे बघा. शेवटची हातभर तीनदा फिरवली. तिसऱ्यांदा भिंतीला नाक लागेल इतके जवळ गेले, तर यांचीच सावली पडून काही दिसेना.
रंग मी मोरीत ओतला.
जेवताना म्हणाले, "सासरी दिलेली मुलगी ठेवून घ्यायची म्हणजे... चार लोक काय म्हणतील? पंचवटीत निम्मे माझे पेशंट."
"एकदा थांब म्हणून झालंय तुमचं. आता पुरं करा."
तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. मी बोलले ते बरोबर का, तेही कळत नाही. तिला ठेवली आणि जन्माचं नुकसान झालं तर?
कमल ट्रंक भरते आहे. मी मदत करत नाही, अडवतही नाही. तिनं काही विचारलेलं नाही.
दोन वाजता यांनी तारेचा कागद मागितला. तार आज गेली तरच दीर निघायच्या आत पोचेल. पावणेचार झाले. मघाशी चहा द्यायला गेले. कागदावर जळगावचा पत्ता आहे, खाली यांची सही आहे. मधलं अजून कोरंच.